पतअहवालाला कुलूप लावता येते का?

सन २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत बंगळुरू शहरातील अनेक खातेदारांना एक चमत्कारिक अनुभव आला. कोणाचा फोन आला नव्हता, कोणी ओटीपी विचारला नव्हता, एटीएम कार्ड पाकिटात जागच्या जागी होते. आणि तरीही बचत खात्यातून रक्कम काढली गेल्याचा संदेश भ्रमणध्वनीवर येऊन थडकला. मंगळुरूमध्येही अशाच तक्रारी नोंदविल्या गेल्या. तक्रारी एकत्र पाहू जाता त्यांत एक समान धागा आढळला. तक्रारदारांपैकी बऱ्याच जणांनी घर, सदनिका किंवा जमीन यांचा दस्त दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदविलेला होता.

घराचा दस्त आणि बँकेतील पैसा यांचा संबंध कसा जुळतो, हे समजून घेण्यासारखे आहे. स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणाचा दस्त सादर करणाऱ्याने त्यावर आपले छायाचित्र लावावे व बोटांचे ठसे उमटवावेत, अशी तरतूद १९०८ च्या नोंदणी अधिनियमात कलम ३२-अ म्हणून २००१ साली समाविष्ट झाली. तोतया मालक उभा करून दुसऱ्याची जमीन परस्पर विकण्यास आळा बसावा, हा त्यामागील स्तुत्य हेतू. पुढे दस्तांचे संगणकीकरण झाले, कर्नाटकात ‘कावेरी’ ही ऑनलाइन प्रणाली आली आणि नोंदणीकृत दस्ताची प्रत घरबसल्या मिळू लागली. त्या प्रतीवर नाव होते, पत्ता होता, आधार क्रमांक होता आणि बोटाचा ठसाही होता. दुसरीकडे आधार-आधारित भरणा प्रणाली, म्हणजे बँक मित्राच्या छोट्या यंत्रावर बोट ठेवून पैसे काढण्याची सोय, अवघ्या तीन गोष्टी मागते : बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा. कार्ड नको, पिन नको, ओटीपी नको. कागदावरील ठशावरून बनावट ठसा घडविणाऱ्यांना याहून सोपी वाट कोणती मिळणार? एका व्यवहाराची कमाल मर्यादा दहा हजार रुपयांची, म्हणून एका फटक्यात मोठी लूट झाली नाही, एवढेच.

या प्रकारानंतर कर्नाटकाच्या नोंदणी विभागाने ऑनलाइन प्रतींवरील ठसे झाकण्याची पावले उचलली. येथे हेही नमूद केले पाहिजे, की याची पूर्वसूचना आधीच मिळाली होती. दस्तांवरील ठशांवरून बनावट ठसे करून त्यांच्या आधारे सिम कार्डे चालू केल्याचा प्रकार तेलंगणात २०१८ सालीच उघडकीस आला होता. मधल्या पाच वर्षांत इतरांनी त्यापासून फारसा बोध घेतल्याचे दिसत नाही.

अंगठ्याच्या ठशाचा इतिहास मोठा रंजक आहे. बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ साली एका कंत्राटदाराकडून करारनाम्याच्या पाठीवर पंजाचा ठसा घेतला, तो या पद्धतीच्या आरंभीच्या प्रयोगांपैकी एक मानला जातो. सही नाकारता येते, हात नाकारता येत नाही, हे त्यामागचे तत्त्व. आपल्याकडे ज्याला लिहिता येत नाही त्याला ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणविण्याची रीत होती. आता बंगळुरूचा संगणक अभियंताही सिम घेताना आणि घर घेताना अंगठेबहाद्दरच असतो. फरक इतकाच, की जुन्या काळी कागदावरचा अंगठा त्या कागदापुरता असे. आजचा अंगठा ही एकाच वेळी अनेक कुलपांची किल्ली आहे. आणि किल्ली हरवली तर बदलता येते, अंगठा बदलता येत नाही.

बंगळुरूच्या खातेदारांच्या बाबतीत निदान एक गोष्ट बरी होती. चोरी झाल्याचा संदेश त्यांना तत्काळ मिळाला. ओळखचोरीचा दुसरा प्रकार याहून कपटी आहे. त्यात चोर आपल्या खात्यातील पैसे नेत नाही. आपल्या नावावर नवे कर्ज काढतो आणि ते बुडवून नाहीसा होतो. आपल्या खात्यातून एक पैसाही गेलेला नसतो, त्यामुळे संदेश येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कळते ते दोन-चार वर्षांनी, मुलीच्या शिक्षणासाठी अथवा घरासाठी कर्जाचा अर्ज केल्यावर. शाखेतील अधिकारी संगणकाकडे पाहून संकोचाने म्हणतात, “आपले एक जुने कर्ज थकलेले दिसते.” आणि आयुष्यात कधी उधारी न ठेवलेला माणूस थकबाकीदार ठरतो.

ही कल्पनेतील भीती नव्हे. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका डिजिटल कर्ज-ॲपच्या संदर्भात देशातील अनेकांनी जाहीर तक्रारी केल्या, की आपण कधीही मागितले नसताना आपल्या पॅन क्रमांकावर लहानसे कर्ज दाखविले जात आहे. आणि ही गोष्ट त्यांना स्वतःचा पतअहवाल पाहिल्यावरच समजली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सक्तवसुली संचालनालयाने बंगळुरू सायबर पोलिसांकडे दाखल गुन्ह्यांच्या आधारे कर्ज-ॲप प्रकरणी शहरात झडत्या घेतल्या. भारतीय नागरिकांची बनावट कागदपत्रे वापरून, त्यांना नामधारी संचालक दाखवून या कंपन्या चालविल्या जात असल्याचे संचालनालयाने तेव्हा म्हटले होते. म्हणजे चोरलेल्या ओळखीवर केवळ कर्जच निघते असे नाही, कंपनीही उभी राहते.

अमेरिकेतील ‘गोठवणूक’

ज्यांची मुले-सुना अमेरिकेत आहेत, त्यांच्या कानांवर ‘क्रेडिट फ्रीझ’ हा शब्द गेला असेल. पतअहवाल गोठविणे, असे त्याला म्हणता येईल. कल्पना अगदी साधी आहे. कर्ज देण्यापूर्वी प्रत्येक संस्था अर्जदाराचा पतअहवाल मागविते. आपण तो अहवाल गोठवून ठेवला असेल, तर पत माहिती कंपनी नव्या कर्जदात्याला तो दाखवीत नाही. अहवाल दिसत नाही म्हणून कर्जदाता कर्ज देत नाही, आणि आपले नाव घेऊन आलेला तोतया दारातूनच परत फिरतो. आपल्याला स्वतःला कर्ज हवे असेल तेव्हा गोठवणूक तात्पुरती उठवावयाची व काम झाले, की पुन्हा लावावयाची. ज्यांचे कर्ज आपल्याकडे आधीच चालू आहे, त्या संस्थांना मात्र अहवाल पाहता येतो.

कॅलिफोर्निया राज्याने या शतकाच्या आरंभी असा कायदा प्रथम केला. इतर राज्ये मागोमाग आली. परंतु अनेक ठिकाणी प्रत्येक वेळी शुल्क मोजावे लागे. २०१७ मध्ये इक्विफॅक्स या पत माहिती कंपनीच्या संगणकांतून सुमारे १४.७ कोटी अमेरिकी नागरिकांची माहिती चोरीस गेली, तेव्हा लोकांचा संताप अनावर झाला. ज्या कंपनीने आपली माहिती सांडली, तिलाच कुलपासाठी पैसे द्यावयाचे, हा न्याय कोणाला रुचणार? मे २०१८ मध्ये तेथील संसदेचा कायदा झाला आणि २१ सप्टेंबर २०१८ पासून गोठवणूक देशभर विनामूल्य झाली. ऑनलाइन अथवा दूरध्वनीवरून विनंती केल्यास ती एका कामकाजाच्या दिवसात लावावी व उठविण्याची विनंती आल्यास एका तासात उठवावी, असे बंधन त्या कायद्याने घातले. सोळा वर्षांखालील मुलांच्या नावेही पालकांना ती लावता येते. तेथील तिन्ही प्रमुख कंपन्यांकडे मात्र वेगवेगळी विनंती करावी लागते. एकीकडे लावून दोन उघड्या ठेवल्या, तर उपयोग नाही.

आपल्याकडील स्थिती

भारतात ‘सिबिल’ ही संस्था २००० साली मुंबईत स्थापन झाली, आणि तिचे नाव इतके रुळले, की आज कोणत्याही पतअहवालाला लोक ‘सिबिल’च म्हणतात. वस्तुतः २००५ च्या पत माहिती कंपन्या (विनियमन) अधिनियमाखाली रिझर्व्ह बँकेने नोंदणी दिलेल्या अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हायमार्क. रिझर्व्ह बँकेच्या २०१५ च्या आदेशानुसार प्रत्येक बँकेला व वित्तसंस्थेला चौघींचेही सदस्य व्हावे लागले. त्यामुळे आपण फेडलेल्या व चुकविलेल्या प्रत्येक हप्त्याची नोंद चारही ठिकाणी जाते. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती किमान पंधरवड्यातून एकदा पाठविणे बंधनकारक झाले. पूर्वी ती महिन्यातून एकदा जात असे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा अहवाल भारतात गोठविता येतो का? अमेरिकेसारखा कायद्याने दिलेला, विनामूल्य आणि सर्व कंपन्यांना लागू होणारा असा हक्क २००५ च्या अधिनियमात नाही. एखादी कंपनी आपल्या वर्गणीदारांना स्वतःपुरती कुलपाची सोय देते तेव्हा ती जाहिरातीत भारदस्त दिसते. परंतु कर्जदात्याने तोच अहवाल उरलेल्या तिघींपैकी एकीकडून मागविला, तर ते कुलूप निरुपयोगी ठरते. चार दारांच्या वाड्याला एकच कडी लावून शांत झोपावे, तसे हे आहे. वर्गणी भरावी की न भरावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र ती भरली म्हणजे ओळखचोरीपासून मुक्तता मिळाली, असे कोणीही समजू नये.

असा हक्क आपल्याकडे यावयास हवा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आपली पत माहिती व्यवस्था कर्जदात्यांच्या सोयीसाठी उभी राहिली. कर्ज बुडविणाऱ्याला दुसऱ्या बँकेने अजाणतेपणी कर्ज देऊ नये, ही तिची मूळ प्रेरणा होती. अहवालाचा धनी ग्राहकही आहे, ही जाणीव नंतर आली. काही मिनिटांत कर्ज देण्याच्या स्पर्धेला गोठवणूक अडचणीची वाटेल, हे उघड आहे. परंतु ज्याला येत्या दोन-तीन वर्षांत कर्ज घ्यावयाचेच नाही, अशा निवृत्तिवेतनधारकाचा अहवाल अहोरात्र उघडा राहून कोणाचे हित साधते?

तोपर्यंत काय करावे? अहवालाचे दार आपल्या हाती नाही, पण त्याच्या आतल्या किल्ल्यांपैकी काही आहेत.

जेथे कुलूप खरोखर लागते

पहिली किल्ली आधारची. विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे तंत्रज्ञान केंद्र बंगळुरूतच आहे, आणि याच प्राधिकरणाने प्रत्येक आधारधारकाला आपल्या बोटांचे ठसे व डोळ्यांच्या बाहुल्या ‘लॉक’ करण्याची सोय विनामूल्य दिली आहे. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर, नोंदविलेल्या भ्रमणध्वनीवरील ओटीपी देऊन हे काम पाच मिनिटांत होते. एकदा कुलूप लागले, की आपला ठसा कोणीही, कोठेही यंत्रावर ठेवला तरी पडताळणी नाकारली जाते. तो ठसा खरा असो वा बनावट! गरज पडेल तेव्हा ते दहा मिनिटांसाठी उघडता येते व पुन्हा आपोआप बंद होते. २०२३ च्या प्रकारानंतर बंगळुरूत नागरिकांना हाच उपाय सांगण्यात आला. अमेरिकेतील गोठवणुकीच्या तत्त्वाशी नेमके जुळणारे असे आपल्याकडे काही असेल, तर ते हे.

यात एक अडचण आहे, ती ज्येष्ठ खातेदारांनी आवर्जून लक्षात घ्यावी. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देताना यंत्रावर बोट ठेवण्याची वेळ येते, तेव्हा कुलूप लावलेले असेल तर ठसा जुळत नाही आणि मग रांगेतील मंडळींसह काउंटरवरील कर्मचारीही त्रस्त होतात. शाखेत निघण्यापूर्वी भ्रमणध्वनी बरोबर घ्यावा व तेथेच कुलूप उघडावे. शिधावाटप दुकानातही हेच. आणखी एक अट अशी, की आधारला जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक चालू हवा. जुना क्रमांक बंद करून मुलाने दिलेले नवे सिम वापरणाऱ्यांची संख्या थोडी नाही. त्यांनी आधी आधार केंद्रावर जाऊन क्रमांक बदलून घ्यावा. ज्यांना बँक मित्राकडून अंगठ्याने पैसे काढण्याची गरजच पडत नाही, त्यांना आपल्या खात्यावरील ही सुविधा बंद करता येते का, हे शाखेत विचारता येईल. ही सुविधा वाईट आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. जेथे एटीएम नाही, जेथे सही करता येत नाही, अशा गावांत तिने बँक लोकांच्या ओसरीवर आणली. पण कोरमंगला किंवा कोथरूड येथे राहून कार्डाने व्यवहार करणाऱ्याने न वापरलेले दार उघडे का ठेवावे?

ठशाचे कुलूप ओटीपीने होणारी आधार पडताळणी थांबवीत नाही, म्हणून दुसरी किल्ली सिमची. आपल्या नावावर किती भ्रमणध्वनी जोडण्या आहेत, हे दूरसंचार विभागाच्या, मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर पाहता येते. आपली नसलेली जोडणी दिसली, तर तेथूनच कळविता येते. पॅनला मात्र असे कोणतेच कुलूप नाही. दहा अक्षरांचा हा क्रमांक आपण गेली कित्येक वर्षे मुक्तहस्ताने वाटत आलो आहोत. सोनाराकडे, प्रवासी कंपनीकडे, वाहन विक्रेत्याकडे तो जातोच; बंगळुरूसारख्या भाडेकरूंच्या शहरात घरमालकाचा पॅन भाडेकरूच्या कार्यालयात घरभाडे भत्त्यासाठी पोहोचतो. त्याला गुप्त मानण्याची वेळ केव्हाच निघून गेली. नाव, जन्मतारीख आणि पॅन एवढ्यावरच ओळख पटली असे मानणारी संस्था धोक्याला आमंत्रण देते, असे स्पष्ट म्हणावे लागेल.

छायाप्रतींविषयी एक छोटी आठवण. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू येथील प्रादेशिक कार्यालयाने एक सूचना काढली : आधारची छायाप्रत कोणालाही सहजासहजी देऊ नका, शेवटचे चार अंकच दिसतील अशी ‘मास्क्ड’ प्रत वापरा. एवढ्याने देशभर गोंधळ उडाला आणि दोनच दिवसांत, गैरसमज होऊ शकतो म्हणून, केंद्र सरकारने ती सूचना मागे घेतली व नेहमीचे तारतम्य बाळगावे, असा सल्ला दिला. सूचना मागे गेली, पण सल्ला मोलाचाच होता. झाकलेल्या अंकांची प्रत मिळण्याची सोय तेव्हाही होती व आजही आहे. कागदी प्रत द्यावीच लागली, तर तिच्यावर आडवी रेघ मारून कोणत्या कामासाठी, कोणाला व कोणत्या तारखेस दिली, हे शाईने लिहून सही करावी.

अहवाल वाचावा कसा

ज्या घराला कुलूप लावता येत नाही, त्यावर नजर ठेवावी लागते. त्यासाठी आपल्या हाती एक चांगले साधन आहे आणि त्याचा वापर फारच थोडे ग्राहक करतात. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून प्रत्येक पत माहिती कंपनीला प्रत्येक व्यक्तीस वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा लागतो. कंपन्या चार, वर्षातील तिमाह्याही चार. जानेवारीत एकीकडून, एप्रिलमध्ये दुसरीकडून, जुलैत तिसरीकडून, ऑक्टोबरमध्ये चौथीकडून अहवाल मागविला, तर एक पैसा न भरता वर्षभर पहारा राहतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने पतगुणांक कमी होतो, हा समज चुकीचा आहे; तो कर्जदात्यांनी वारंवार केलेल्या चौकशीमुळे घसरू शकतो.

अहवाल हाती आला, की बहुतेकांची नजर प्रथम ३०० ते ९०० यांमधील त्या गुणांकावर जाते. ओळखचोरीच्या दृष्टीने तो शेवटी पाहावा. प्रथम पाहावे ते पत्ते व दूरध्वनी क्रमांक. आपण ज्या शहरात कधी राहिलो नाही तेथील पत्ता, किंवा न ओळखीचा भ्रमणध्वनी क्रमांक तेथे दिसला, तर आपल्या नावाने कोणीतरी कोठेतरी अर्ज भरला असण्याची शक्यता असते. त्यानंतर ‘चौकशी’ या सदराखाली कोणकोणत्या संस्थांनी अहवाल मागविला, त्याची तारखेवार यादी असते. आपण अर्ज केला नसताना एखाद्या वित्तसंस्थेचे नाव तेथे असेल, तर कर्ज अद्याप दिले गेले नसले तरी प्रयत्न झाला आहे, हे निश्चित. तिसरा भाग खात्यांचा. तेथे मोठ्या रकमा नव्हे, लहान रकमा शोधाव्यात. दोन-पाच हजारांचे कर्ज, वस्तू हप्त्याने घेतल्याची नोंद, न वापरलेले क्रेडिट कार्ड, अशा नोंदींकडे माणूस दुर्लक्ष करतो. तोतयालाही तेच हवे असते. ज्याला आपण कधीकाळी जामीन राहिलो ते कर्जही याच यादीत येते, हे विसरून पुष्कळदा लोक उगाच घाबरतात. म्हणून आरोप करण्यापूर्वी एकदा घरात विचारून घ्यावे.

२६ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने आणखी एक पाऊल टाकले. कोणत्याही संस्थेने आपला पतअहवाल पाहिला, की ग्राहकाला लघुसंदेशाने अथवा ई-मेलने कळविणे पत माहिती कंपन्यांवर बंधनकारक झाले. हा निर्णय अत्यंत उपयुक्त आहे. परंतु ॲपवरून कर्ज काही मिनिटांत मिळत असल्याने संदेश येईतो पैसे निघूनही गेलेले असू शकतात. शिवाय संदेश त्याच क्रमांकावर येतो, जो कंपनीकडे नोंदलेला असतो. तो जुना असेल, तर घंटा दुसऱ्याच्या घरी वाजते.

कर्ज आपले नसेल तर

खात्यातून पैसे गेले असतील, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे, शाखेला लेखी द्यावे व पोलिसांत तक्रार नोंदवावी. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले, की बँक व ग्राहक या दोघांचीही चूक नसलेल्या गैरव्यवहाराची सूचना तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर त्याचा भार पडू नये, आणि ग्राहकाची चूक असेल तर ती सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची राहावी. देशातील पहिले सायबर गुन्हे पोलीस ठाणे २००१ मध्ये बंगळुरूतच सुरू झाले होते. आज मात्र त्यासाठी विशेष ठाणे शोधत हिंडावे लागत नाही, जवळच्या ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार देता येते.

आपले नसलेले कर्ज अहवालात आढळले, तर तक्रार दोन्हीकडे करावी : ज्या संस्थेने ते कर्ज दिल्याचे दाखविले आहे तिच्याकडे, आणि पत माहिती कंपनीकडे. याचे कारण असे, की कर्जदात्या संस्थेने मान्य केल्याखेरीज पत माहिती कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही. तिने चूक कबूल केली, तरच दुरुस्ती होते. म्हणून तक्रारीत केवळ ‘हे कर्ज माझे नाही’ एवढेच लिहून थांबू नये. कर्जाचा अर्ज, त्यासोबतची केवायसी कागदपत्रे, छायाचित्र आणि रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्या खात्याचा तपशील मागावा. डिजिटल कर्जाची रक्कम सामान्यतः कर्जदाराच्याच बँक खात्यात जमा केली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा दंडक आहे. तेव्हा ते खाते कोणाचे होते, या एका प्रश्नाच्या उत्तराने पुष्कळ धुके निवळते. पोलीस तक्रारीची प्रत सोबत जोडावी व पोच घ्यावी.

तक्रार दाखल झाल्यापासून कर्जदात्या संस्थेला सुधारित माहिती पाठविण्यास २१ दिवस आणि एकूण निवारणास ३० दिवस मिळतात. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी तक्रारदाराला १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद २६ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. ज्याच्याकडून विलंब झाला त्याने ती द्यावयाची आहे. रक्कम लहान वाटते. पण पूर्वी महिनोन् महिने अनुत्तरित राहणारी पत्रे आता दिवस मोजीत बसतात, हा फरक लहान नाही.

शाखेतील सहकाऱ्यांसाठी येथे दोन शब्द. असा ग्राहक समोर येतो तेव्हा तो आधीच खचलेला असतो. “तुमचे सिबिल खराब आहे, आम्ही काही करू शकत नाही,” हे वाक्य त्याला चोराच्या पंगतीत बसविते. २००५ च्या अधिनियमातील कलम २१ नुसार, ज्या अहवालावरून आपण निर्णय घेत आहोत त्याची प्रत मागण्याचा त्याला अधिकार आहे. ती त्याला द्यावी, कोणती नोंद आड येत आहे ते बोट ठेवून दाखवावे, आणि तक्रार कोठे करावयाची ते कागदावर लिहून द्यावे. कर्ज आपल्याच बँकेच्या नावे दिसत असेल, तर मूळ अर्जाची कागदपत्रे त्याच दिवशी मागवावीत. केवायसीच्या जुन्या छायाप्रतींचे गठ्ठे रद्दीत किंवा पाठकोऱ्या कागदांच्या ट्रेमध्ये जाणार नाहीत, याकडेही लक्ष असू द्यावे. तेथूनच पुढच्या शाखेतील एखादा अर्ज जन्म घेत असतो.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. १ सप्टेंबर २०२२ पासून पत माहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. यासाठी शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या तक्रार संकेतस्थळावरून करता येते, १४४४८ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते, आणि ज्यांना पत्रच लिहावयाचे आहे त्यांनी ते रिझर्व्ह बँकेच्या सेक्टर १७, चंदीगड येथील केंद्रीय कक्षाकडे, संस्थेला दिलेल्या मूळ तक्रारीची प्रत जोडून पाठवावे.